लाल डोक्याची ‘चिमणी’: हाउस फिंच ओळखताना रंग शेवटी का पाहावा

न्यू जर्सीतील एडिसनहून एका भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरील बाल्कनीत टांगलेल्या फर्नच्या कुंडीत मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका जोडीने घरटे केले. मादी ‘अगदी आपल्या चिमणीसारखी, फक्त अंगावर रेघा जास्त’, तर नराचे कपाळ आणि गळा लाल. घरट्यात चार फिकट निळी अंडी आहेत. फोनवरील ॲपने एका छायाचित्राला हाउस फिंच म्हटले आणि दुसऱ्याला पर्पल फिंच. शेजारच्या गृहस्थांचे म्हणणे असे की या साध्या चिमण्याच आहेत, घरटे काढून टाकावे. हा पक्षी नक्की कोणता, आणि अंडी असताना कुंडीला पाणी कसे घालावे, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

उत्तर आधी सांगतो, कारण शेजाऱ्यांचा सल्ला पाहता घाई करणे आवश्यक आहे: ही जोडी हाउस फिंचची आहे, आणि घरटे कृपया काढू नका. मात्र या निष्कर्षाला मी नराच्या लाल रंगावरून आलेलो नाही. घरट्याची जागा, अंड्यांचा रंग, महिना आणि गाव एवढ्या चार गोष्टी आपण लिहिल्या होत्या. नराचा रंग लिहिला नसता तरीही माझे उत्तर हेच राहिले असते.

आपल्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. चिमणी की फिंच, हा पहिला. आणि फिंच असेल तर हाउस की पर्पल, हा दुसरा. पहिला सोपा आहे, दुसरा नाजूक आहे, आणि दोहोंचे पुरावे वेगवेगळे आहेत. नवीन निरीक्षकांचा गोंधळ उडतो तो बहुधा दोन्ही प्रश्नांना एकच पुरावा, म्हणजे लाल रंग, लावून पाहिल्यामुळे. गेली बावीस वर्षे मी मध्य न्यू जर्सीत राहतो, हिवाळ्यात अंगणात दाणे ठेवतो आणि शनिवार-रविवारी नव्या मंडळींना पक्षी दाखवायला घेऊन जातो. या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला पक्षी हाच, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिल्या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेत जिला हाउस स्पॅरो म्हणतात ती आणि आपल्या गावाकडच्या वाड्यात आरशावर चोच मारणारी चिमणी एकाच जातीची आहे. ती इथली मूळची नव्हे. १८५१ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ती इंग्लंडहून आणून सोडण्यात आली आणि तेथून ती सर्वत्र पसरली. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना ती लहानपणापासून डोळ्यांसमोर आहे आणि हे ज्ञान येथे फार उपयोगी पडते. चिमणीचा नर, ज्याला आपण चिमणा म्हणतो, त्याच्या माथ्यावर राखी टोपी असते, गळ्यावर काळा डाग असतो आणि डोळ्यामागे तांबूस तपकिरी पट्टा असतो. त्याच्या अंगावर लाल किंवा गुलाबी छटा कोठेही नसते. चिमणीच्या मादीच्या पाठीवर काळ्या-तपकिरी रेघा असतात, परंतु तिची छाती आणि पोट कोरे, मळकट भुरे असते. आपण लिहिलेले ‘अंगावर रेघा जास्त’ हे शब्द म्हणून महत्त्वाचे आहेत. हाउस फिंचच्या मादीच्या छातीपासून पोटापर्यंत पुसट, रुंद, तपकिरी रेघा उभ्या ओढलेल्या दिसतात, जणू ओल्या कागदावर ओढल्यामुळे शाई थोडी पसरली आहे. छातीवर रेघा दिसल्या की चिमणीचा विचार तेथेच सोडून द्यावा.

घरटे आणि अंडी हा याहून भक्कम पुरावा आहे. चिमणीला पोकळी लागते: भिंतीतील भोक, छपराखालची फट, दुकानाच्या पाटीवरील अक्षराची पोकळ जागा, टांगलेली पक्षीपेटी. त्या पोकळीत ती गवत, चिंध्या आणि पिसे कोंबते. हाउस फिंचला वरून थोडा आडोसा आणि खाली टेकायला जागा असली की पुरते. म्हणून दारावर लावलेल्या फुलांच्या चक्रात, वेलींच्या जाळीत, खिडकीवरील दिव्यामागे आणि सर्वांत आवडीने टांगलेल्या कुंडीत ते उघडे, वाटीसारखे घरटे बांधतात. चिमणीची अंडी पांढुरकी किंवा किंचित हिरवट असून त्यांवर राखी-तपकिरी ठिपके दाट असतात. हाउस फिंचची अंडी फिकट निळी असून जाड टोकाजवळ काळे किंवा जांभळट बारीक ठिपके तुरळक असतात, कधी जवळजवळ नसतातच. आपल्या घरट्यातील अंड्यांची संख्याही ठीक बसते. दोन ते सहा अंडी होऊ शकतात, चार-पाच नेहमीची. निळी अंडी म्हटल्यावर काहींना अमेरिकन रॉबिन आठवेल, परंतु त्याची अंडी पुष्कळ मोठी, गडद निळी आणि बिनठिपक्यांची असतात आणि घरट्याला आतून चिखलाचा गिलावा असतो.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याविषयी एवढेच सांगतो की या देशात १९१८ सालापासून स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा संघराज्याचा कायदा आहे आणि येथील बहुतेक सर्व मूळ जाती, त्यांची अंडी आणि वापरात असलेली घरटी त्याच्या कक्षेत येतात. चिमणी बाहेरून आणलेली असल्यामुळे तिला हे संरक्षण नाही. हाउस फिंचला ते आहे. म्हणजे ‘चिमणीच तर आहे’ या एका चुकीच्या ओळखीतून एखादा सज्जन मनुष्य नकळत कायदा मोडू शकतो. पक्ष्याचे नाव बरोबर असावे हा माझा आग्रह केवळ वहीत नोंद नीट व्हावी म्हणून नाही, त्याचे हेही कारण आहे.

आता दुसरा, नाजूक प्रश्न. हाउस फिंच आणि पर्पल फिंच हे अगदी जवळचे नातेवाईक आहेत, लांबीला दोन्ही साधारण तेरा-चौदा सेंटिमीटर, आणि दोघांच्याही नरांत लाल रंग आहे. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी दाण्यांवर येणाऱ्या एका लाल पक्ष्याची नोंद तीन महिने ‘पर्पल फिंच’ अशी केली. वसंतात एका वयोवृद्ध निरीक्षकांनी ती वही चाळली आणि मला एकच गोष्ट विचारली: ‘त्याच्या कुशीवर रेघा होत्या का?’ मला उत्तर देता आले नाही. तीन महिने मी त्या पक्ष्याचा लाल भागच पाहत होतो. जेथे लाल नव्हते तेथे मी पाहिलेच नव्हते. त्या दिवसापासून नर दिसला की माझी नजर प्रथम पंखाच्या खाली, पोटाच्या बाजूला, म्हणजे कुशीकडे जाते, आणि माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाला मी हीच सवय लावतो.

हाउस फिंचच्या नराचा लाल रंग ठरावीक जागी असतो: कपाळ, भुवई, गळा, छातीचा वरचा भाग आणि शेपटीच्या मुळाशी पाठीवरचा भाग, म्हणजे कंबर. माथा बहुधा तपकिरीच राहतो, गालही मळकट तपकिरी असतो आणि पाठ रेघारेघांची करडी-तपकिरी असते. छातीवरचा लाल जेथे संपतो तेथून खाली पोट पांढुरके होते आणि कुशीवर तपकिरी रेघा ठळक उमटतात. पर्पल फिंचच्या नरात रंग असा ठिकठिकाणी थांबत नाही. तो माथ्यावरून गालांवर, मानेवर, पाठीवर आणि पंखांच्या पिसांवरही मुरलेला असतो. कुशीवर रेघा असल्या तरी त्या स्वच्छ तपकिरी नसून गुलाबी धुक्यात बुडालेल्या असतात, आणि पोटाचा खालचा भाग पांढराशुभ्र असतो. रंगाची जातही वेगळी आहे. हाउस फिंचचा लाल शेंदरी ते विटकरीकडे जातो, पर्पल फिंचचा कोकमाच्या सरबताकडे. ‘पर्पल’ या शब्दावर विसंबून जांभळा पक्षी शोधणाऱ्यांची निराशा होते, कारण तो जांभळा कधीच दिसत नाही.

कोकम आणि शेंदूर यांतला फरक मी सांगितला खरा, पण त्यावर एकट्यावर निर्णय देऊ नये, असे मी ठामपणे म्हणेन. याचे कारण पक्ष्याच्या आहारात आहे. हाउस फिंचच्या पिसांतील लाल रंग कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांपासून येतो आणि ती अन्नातून मिळवावी लागतात. हा पक्षी वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या अखेरीस ते शरद ऋतूत, पिसे बदलतो. त्या काही आठवड्यांत त्याला कोणती फळे आणि बिया मिळाल्या आणि त्याची प्रकृती कशी होती, यावर पुढील वर्षभराचा रंग ठरतो. म्हणून एकाच तारेवर बसलेल्या पाच नरांत एक कुंकवासारखा लाल, दोन विटकरी, एक नारिंगी आणि एक चक्क पिवळा असू शकतो. माझ्या अंगणात एका हिवाळ्यात हळदीच्या रंगाचा एक नर रोज येत असे आणि पाहुणे त्याला वेगळी जात समजत. मादी लाल नराला अधिक पसंती देते, असे संशोधनातून दिसून आले आहे. रंग हे त्या नराच्या अन्नाचे आणि तब्येतीचे प्रगतिपुस्तक आहे असे म्हणा हवे तर. जातीचा तो दाखला मात्र नव्हे. त्यात पुन्हा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात विटकरी रंग गुलाबी भासतो आणि ढगाळ सकाळी गुलाबी रंग तपकिरीत विरून जातो, हे वेगळेच.

मादींच्या बाबतीत तर रंगाचा आधारच नसतो आणि मला वाटते त्यामुळे मादीवरून शिकणेच अधिक चांगले. हाउस फिंचच्या मादीचा चेहरा कोरा असतो: भुवई नाही, गालावर डाग नाही, काळा डोळा तेवढा उठून दिसतो. पर्पल फिंचच्या मादीच्या चेहऱ्यावर मात्र स्पष्ट रेखाटन असते. डोळ्यावर रुंद पांढरी भुवई, गालावर गडद तपकिरी पट्टा, त्याखाली पुन्हा पांढरी रेघ. छातीवरील रेघाही वेगळ्या आहेत. पर्पल फिंचच्या रेघा आखूड, गडद आणि काठ स्पष्ट असलेल्या, बाणाच्या टोकांसारख्या. हाउस फिंचच्या, वर म्हटल्याप्रमाणे, लांबट आणि पसरलेल्या. पक्षी वर बसला असेल आणि आपण खालून पाहत असाल तर शेपटीच्या मुळाखालची पिसे पाहा. ती रेघांची असतील तर हाउस फिंचकडे कौल द्यावा, स्वच्छ पांढरी असतील तर पर्पलकडे.

येथे एक सावधगिरी. पिल्ले उडाल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये हाउस फिंचची सगळी तरुण पिढी मादीसारखीच दिसते आणि त्यांतील नरांना लाल रंग पहिल्या शरदात येतो. पर्पल फिंचचे नर मात्र पहिले वर्षभर मादीच्याच वेषात राहतात आणि त्या वेषात गातातही. म्हणून तपकिरी पक्षी दिसला की ती मादीच, असे वहीत लिहू नये. ‘मादी किंवा तरुण’ असे लिहावे.

आकार हा रंगापेक्षा विश्वासू साक्षीदार आहे, कारण तो उजेडाने बदलत नाही. हाउस फिंचच्या चोचीची वरची कड कमानीसारखी वाकलेली असते. पर्पल फिंचची चोच मोठी आणि सरळ कडांची, शंकूसारखी असते. हाउस फिंच सडपातळ असून त्याची शेपूट लांब आणि टोकाला जवळजवळ सपाट दिसते. पर्पल फिंच भरदार छातीचा, मोठ्या डोक्याचा, आखूड शेपटीचा, आणि त्या शेपटीला टोकाशी स्पष्ट खाच असते. तो सावध झाला की माथ्याची पिसे किंचित उभारतो, त्यामुळे डोके टोकदार भासते. हे फरक एका ओळीत वाचून लगेच कळत नाहीत. पन्नासएक हाउस फिंच नीट पाहून झाले की एखाद्या दिवशी पर्पल फिंच समोर येतो आणि तो ‘जाड’ आहे हे आपोआप जाणवते.

ॲपने आपल्याला दोन वेगळी उत्तरे का दिली, हे आता समजेल. आपण वर्णन केल्याप्रमाणे दुसरे छायाचित्र काचेतून, उजेडाच्या विरुद्ध बाजूने घेतलेले आहे आणि त्यात पक्ष्याचे फक्त डोके आणि छाती दिसते. कूस, पाठ आणि शेपूट, म्हणजे या दोन जाती वेगळ्या करणारे जवळजवळ सर्व पुरावे, त्या चित्रात नाहीतच. अशा चित्रावरून कोणताही जाणकार मनुष्य ‘सांगता येत नाही’ असेच म्हणेल. मी स्वतः ॲप वापरतो आणि त्याचे उत्तर सूचना म्हणून घेतो. त्यानंतर त्या सूचनेच्या बाजूने आणि विरुद्ध काय दिसते ते पक्ष्यावर तपासतो. छायाचित्र घ्यायचेच असेल तर पक्षी बाजूने दिसेल असे एक आणि पाठमोरा असे एक घ्यावे, आणि जागा व तारीख ॲपला अवश्य सांगावी.

जागा आणि तारीख यांचे महत्त्व किती, हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवे. एडिसनमध्ये मे महिन्यात, वस्तीतील बाल्कनीत, प्रश्न जवळजवळ सुटलेलाच असतो. पर्पल फिंच उत्तरेकडील सूचिपर्णी वनांचा पक्षी आहे. न्यू जर्सीत त्याची वीण राज्याच्या वायव्य डोंगराळ भागात होते. बाकीच्यांना तो भेटतो तो हिवाळ्यात, आणि तोही दरवर्षी सारखा नाही. कॅनडातील वनांत ज्या वर्षी बियांचे पीक कमी येते त्या वर्षी ते थवे दक्षिणेकडे उतरतात, पीक चांगले असेल तर फारसे येत नाहीत. शिवाय त्याचे घरटे बहुधा सूचिपर्णी झाडाच्या फांदीवर, खोडापासून दूर असते. कुंडीत तो येत नाही. दोघांचीही अंडी निळसर आणि ठिपक्यांची असल्यामुळे अंड्यांवरून या दोघांतील निवाडा होत नाही, तो जागेवरून होतो. हाच प्रश्न मला सिॲटलहून कोणी विचारला असता तर मी अधिक जपून लिहिले असते, कारण प्रशांत किनाऱ्यावर पर्पल फिंच बाराही महिने आढळतात आणि त्यांचे रंगही पूर्वेकडच्यांपेक्षा मंद असतात. कोलोराडोतील डोंगरातून विचारले असते तर कॅसिन्स फिंच हा तिसरा भाऊबंदही विचारात घ्यावा लागला असता. हिवाळ्यात तर एडिसनमध्येही मी रेघा पाहिल्याशिवाय नाव लिहीत नाही.

आता थोडे वागणुकीविषयी, कारण आपल्याला रोज पाहण्याची संधी मिळाली आहे आणि ती फार मोलाची आहे. चिमण्या जमिनीवर उतरून, टुणटुणत, धुळीत चोच मारत फिरतात. हाउस फिंचला उंच जागा प्रिय, तारेवर, ॲन्टेनावर, झाडाच्या शेंड्यावर. दाणे ठेवले तर चिकडी हा येथील छोटा पक्षी एक बी उचलून लगेच झाडावर पळतो, पण हाउस फिंच फीडरवरच, म्हणजे दाण्यांच्या भांड्यावरच, ठाण मांडून बसतो आणि एकामागून एक सूर्यफुलाच्या बिया चोचीत फिरवून टरफले खाली टाकत राहतो. येथे बाजारात ‘नायजर’ नावाने जे बारीक काळे बी पक्ष्यांसाठी विकतात तेही तो खातो. ते बी म्हणजे आपले कारळे. ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो तेच. ते उगवू नये म्हणून भाजून निर्जंतुक करून आयात करतात, आणि भारत हा त्याचा एक मोठा पुरवठादार आहे. मी पहिल्यांदा ती पिशवी उघडली तेव्हा वासावरून ओळखले होते.

गाणे ऐकले तर शंका उरत नाही. चिमणीचे चिवचिव एकसुरी असते. हाउस फिंचचा नर लांब, चढउतारांची, घाईने गुंफलेली तान घेतो आणि पुष्कळदा शेवटी एक खरखरीत, ओढलेला ‘झ्झीऽ’ असा स्वर लावतो. पर्पल फिंचची तान अधिक गोल आणि भरीव असते, तिच्या शेवटी ही खरखर नसते. अंडी उबवण्याचे काम फक्त मादी करते आणि नर तिला घरट्यावर येऊन भरवतो. हे दृश्य आपल्याला नक्की दिसेल. पिल्ले निघाल्यावर आई-वडिलांच्या चोचीत काय आहे ते पाहा. चिमणी पिल्लांना अळ्या आणि किडे आणून देते. हाउस फिंचचे आई-वडील चोच रिकामी असल्यासारखे येतात आणि गिळलेल्या बिया पोटातून वर काढून भरवतात; पिल्लांना जवळजवळ संपूर्ण शाकाहारावर वाढवणारे पक्षी फार थोडे, आणि हा त्यांतला एक. कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते तसा येथे काउबर्ड नावाचा पक्षी परक्याच्या घरट्यात अंडे घालतो. हाउस फिंचच्या घरट्यात त्याचे पिल्लू निघाले तरी या बियांच्या आहारावर ते सहसा जगत नाही. एखादे दिवशी चार निळ्या अंड्यांत एक मोठे, पांढुरके, दाट ठिपक्यांचे अंडे दिसले तर ते काउबर्डचे समजावे, आणि तेही काढू नये, कारण तोही कायद्याने संरक्षित मूळ पक्षी आहे.

हा पक्षी आपल्या बाल्कनीपर्यंत कसा पोहोचला, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. हाउस फिंच मूळचा पश्चिम अमेरिकेचा आणि मेक्सिकोचा. न्यूयॉर्कचे पक्षी-विक्रेते त्याला ‘हॉलिवूड फिंच’ या नावाने पिंजऱ्यात विकत असत. वर सांगितलेल्या कायद्याचा बडगा येणार असे दिसताच १९४० च्या सुमारास लाँग आयलंडवर ते पक्षी सोडून देण्यात आले. त्यांतून पुढच्या अर्धशतकात पूर्व किनाऱ्यापासून मध्य मैदानांपर्यंत त्यांची वंशावळ पसरली आणि पश्चिमेकडच्या मूळ भाऊबंदांना जाऊन मिळाली. म्हणजे एडिसनमधील ही जोडी पिंजऱ्यातून सुटलेल्यांची संतती आहे.

त्यांच्या वाट्याला एक दुःखही आले. १९९४ मध्ये वॉशिंग्टन शहराच्या परिसरात डोळे सुजलेले, चिकटलेले हाउस फिंच दिसू लागले. कोंबड्यांमध्ये आढळणाऱ्या मायकोप्लाझ्मा जातीच्या जंतूचा तो संसर्ग होता आणि काही वर्षांत पूर्वेकडील त्यांची संख्या पुष्कळ घटली. आजही असा पक्षी दिसतो. डोळ्याभोवती सूज, खपली किंवा पाणी असलेला, फीडरवर इतर उडून गेल्यावरही बसून राहणारा फिंच दिसला तर तो बहुधा या आजाराने ग्रासलेला असतो. आपण दाणे ठेवत असाल तर दर दोन आठवड्यांनी फीडर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी या मिश्रणाने धुऊन, स्वच्छ खळबळून, पूर्ण वाळवून पुन्हा लावावा, आणि आजारी पक्षी दिसल्यास काही दिवस दाणे बंद ठेवावेत.

माझा तपासण्याचा क्रम तेवढा येथे एकत्र सांगतो. गाव, महिना आणि जागा. मग छातीवर रेघा आहेत की नाहीत. मग नराची कूस किंवा मादीचा चेहरा. मग चोच आणि शेपूट. आणि या सर्वांनंतर रंग. या क्रमातील पहिल्या दोन पायऱ्यांवर आपला पक्षी हाउस फिंच ठरला, बाकीच्या आपण सकाळच्या चहाच्या वेळी निवांत पडताळून पाहू शकता.

आता पाण्याचे. अंडी उबायला तेरा-चौदा दिवस लागतात आणि पिल्ले त्यानंतर साधारण बारा ते एकोणीस दिवसांत उडतात, म्हणजे आपल्याला महिनाभर सांभाळायचे आहे आणि तेवढ्यात फर्न मरू देण्याची गरज नाही. लांब, बारीक नळीच्या झारीने, घरट्याच्या विरुद्ध बाजूला, कुंडीच्या कडेने माती भिजेल एवढेच पाणी सावकाश घालावे. घरट्याचा तळ ओला होता कामा नये. मातीवर कडेला बर्फाचे दोन-चार तुकडे ठेवणे हाही चांगला उपाय आहे, ते हळूहळू विरघळतात आणि पाणी उसळत नाही. हे काम ऊन चढल्यावर करावे, पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या गारव्यात नव्हे, कारण मादी घाबरून उठली तर अंडी थंड पडतात. एक मिनिटात काम उरकून आत यावे; ती बहुधा थोड्याच वेळात परत येते. कुंडी दुसरीकडे हलवू नये. पिल्ले दहा-बारा दिवसांची झाली की घरट्यात डोकावणेही थांबवावे, कारण त्या वयात घाबरलेले पिल्लू उडता येण्याआधीच बाहेर उडी घेते आणि आपली बाल्कनी दुसऱ्या मजल्यावर आहे.

पिल्ले उडून गेल्यावर ही जोडी त्याच हंगामात पुन्हा अंडी घालू शकते, कधी त्याच घरट्यात. आपल्याला कुंडी परत हवी असेल तर घरटे रिकामे झाल्याची दोन-तीन दिवस खात्री करून, नवीन अंडी येण्यापूर्वी, ते काढता येते. मात्र आठवण म्हणून घरात ठेवणे या कायद्यात बसत नाही. काढताना हातमोजे घाला आणि घरट्याची कड पाहा. लहान असेपर्यंत पिल्लांची विष्ठा आई-वडील उचलतात, पण हाउस फिंच शेवटच्या दिवसांत ते काम सोडून देतात. म्हणून त्यांच्या वाटीची कड पांढऱ्या, वाळलेल्या थराने भरून गेलेली असते, आणि अशी कड दिसली की शेजाऱ्यांना ती दाखवता येईल.